गणवेशाला काठ

चिंधीच्या पिशव्या शिवून मी दोन वर्षं लोकांची आणि स्वतःचीही फसवणूक केली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना मी कोणी मोठी पर्यावरणवाली आहे असं कोणाला वाटायला नको.

माझा शाळेचे गणवेश शिवायचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, नऊ मशिनं, कापडाच्या कडा बंद करायचं एक ओव्हरलॉक, कापड पसरायचं लांब टेबल आणि एक कटिंग मास्तर. सोलापुरात असे कारखाने गल्लोगल्ली सापडतील. कापड कापलं की चिंधी पडते, आणि टेरिकॉटची चिंधी कशाच्याच कामाची नसते. ती कुजत नाही, पाणी शोषत नाही, तिचं धड पायपुसणंही होत नाही. आमची चिंधी पोत्यात भरून जवळच्याच एका भट्टीवर जायची आणि तिथे जळायची. वारा आमच्या बाजूचा असला की तो चिकट, घशाला लागणारा वास शेडमध्ये यायचा. मशिनवरच्या बायका पदर नाकाला बांधून शिवायच्या. चिंधी पाठवणारी मीच, त्यामुळे तक्रार कोणाकडे करणार?

मग छोट्या उद्योजकांसाठी एक दिवसाचं शिबिर झालं. शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं की दिवे बदला, पंखे बदला, उरलेल्या कापडाच्या पिशव्या शिवा. मी तिन्ही गोष्टी केल्या. पिशव्यांचं लोकांना भारी कौतुक वाटलं. दोन ठिकाणी माझा सत्कार झाला, नारळ मिळाला, शाल मिळाली. शाल प्लास्टिकच्या पिशवीत होती. पिशव्यांना पोत्यातली मूठभर चिंधी लागायची. बाकीचं पोतं होतं तसंच भट्टीत जायचं. हे मला पहिल्या महिन्यातच दिसलं होतं, पण कौतुक चालू असताना आपण होऊन ते कोण थांबवतं?

थांबवलं ते एका गोदामाने. चिंधीला दुसरा कोणी घेणारा मिळतो का ते बघायला मी जुन्या कपड्यांच्या व्यापाऱ्याकडे गेले होते. जून उलटून गेला होता. गोदामात भिंतीला लागून गणवेशांचे गठ्ठे रचलेले होते. मी सवयीने एक पिनोफ्रॉक, मुली शर्टावर घालतात तो फ्रॉक, ओढून शिवण बघितली. आतल्या बाजूला माझंच लेबल होतं. दुसरा ओढला, त्यालाही माझंच. मी तिथेच खाली बसून वीसेक पिनो उलटसुलट करून पाहिले. चेन चालत होती, बटणं जागेवर होती, चुण्या सरळ होत्या, कुठे फाटलेलं नव्हतं. रंग थोडा उतरला होता इतकंच. कपडा धड होता, मुलगी दोन इंच वाढली होती. आणि त्या दोन इंचांसाठी अख्खा कपडा गठ्ठ्यात आला होता.

व्यापारी म्हणाला, दरवर्षीचंच आहे हे, तुम्ही आज बघताय.

घरी येताना डोक्यात हिशोब स्पष्ट झाला. मी चिंधीच्या पोत्यावर इतके दिवस डोकं खाजवत होते, आणि खरा कचरा मी इस्त्री करून, घडी घालून, लेबल लावून शाळेत पाठवत होते.

आमच्या लहानपणी असं नव्हतं. अक्कलकोटकडच्या आमच्या गावात शिंपी परकराला खालून आडवे टक, म्हणजे दुमडून टीप मारलेल्या पट्ट्या, घालून द्यायचा. दरवर्षी आई एक टक उसवायची. तीन वर्षं एक परकर पुरायचा. आता रेडिमेडमध्ये खाली अर्ध्या इंचाची दुमड असते, तीही ओव्हरलॉक करून संपवलेली. वाढवायचं म्हटलं तरी वाढवायला आत काही नसतं.

दुसऱ्या दिवशी मी मास्तरांना सांगितलं की पिनोला खाली तीन इंच आणि बाजूच्या शिवणीत एकेक इंच कापड आत सोडायचं. मास्तर सोलापूरच्या पूर्व भागातले, घरी तेलुगू बोलणारे, माझ्यापेक्षा वयाने मोठे. ते मला अम्मा म्हणतात आणि माझं फारसं ऐकत नाहीत. त्यांनी कात्री टेबलावर ठेवली.

"अम्मा, बाकी कारखानेवाले कपडा लवकर फाटावा म्हणून देवाला नारळ फोडतात. तुमी त्यो फाटूच नये म्हणून कापड जास्त लावताय."

मी म्हटलं, तुम्ही कापडावर तुकड्यांची मांडणी करून बघा, मग बोला. त्यांनी दोन दिवस खडूने टेबलभर रेघा मारल्या. तिसऱ्या दिवशी मला टेबलाजवळ बोलावलं. तुकड्यांमधल्या ज्या पट्ट्या कापून आम्ही पोत्यात टाकत होतो, त्यातल्या बऱ्याचशा आता पिनोच्या आतच राहत होत्या. कापड थोडंसंच जास्त लागत होतं, पण पोतं भरायला दुप्पट दिवस लागायला लागले. मास्तर माझ्यावर रागावलेले होते, कारण आता त्यांना ते आवडलं होतं.

घरी नवऱ्याला सांगितलं. ते म्हणाले, कर, पण शाळेला सांगून कर. मी शाळेला सांगितलं नाही. आतल्या बाजूला किती कापड आहे हे शाळेने कशाला विचारायचं, असं मला वाटलं.

नव्या मांडणीचे पिनो शाळेत गेले, मुलींनी ते वर्षभर वापरले. पुढच्या जूनमध्ये शेडच्या दारावर मी फळा लावला की गेल्या वर्षीचा गणवेश घेऊन या, लांब आणि सैल करून देऊ. आठवडाभर कोणी फिरकलं नाही. मग आमच्या मशिनवरचीच एक बाई तिच्या नातीचा पिनो घेऊन आली. ही बाई सोलापूरजवळच्या कुंभारी गावच्या कामगार वसाहतीतून येते. आधी विड्या वळायची, नवरा मागावर साड्या विणायचा. माझ्याकडची सगळ्यात जुनी आणि सगळ्यात चोख शिवणारी. नात पाचवीत, आमच्याच मोठ्या गिऱ्हाईक शाळेत. माझ्या नऊपैकी सहा मशिनांचं काम त्या एकाच शाळेचं होतं.

तिने स्वतःच पिनो उसवला, तीन इंच खाली सोडला, नवीन दुमड घातली, इस्त्री केली आणि मला दाखवला. मला फार बरं वाटलं. मी मास्तरांना दाखवला, सगळ्या बायकांना दाखवला. म्हटलं, बघा, एक वर्ष वाचलं की नाही?

चार दिवसांनी ती तोच पिनो पिशवीत घालून घेऊन आली आणि माझ्या टेबलावर ठेवला.

"अक्का, तुमी कापड वाचीवलं. पन माझ्या नातीला वर्गात उघडं पाडलं."

मी पिनो उलगडून खिडकीशी नेला. त्यात न दिसण्यासारखं काहीच नव्हतं, मीच बघितलं नव्हतं. वरचा कपडा वर्षभर सोलापूरच्या उन्हात वाळलेला आणि बोअरच्या खारट पाण्यात धुतलेला, म्हणून फिका आकाशी. आत दुमडलेलं कापड मात्र जसंच्या तसं निळं. उसवल्यावर तो तीन इंचांचा पट्टा खाली लखलख दिसत होता. वर्गातल्या मुलींनी तिला बघून 'एस.टी. आली, एस.टी. आली' म्हणायला सुरुवात केली होती. बसला असतो तसा पट्टा. पोरीने दोन दिवस शाळा बुडवली होती, आणि आजीने भिशीचे पैसे उचलून नवा पिनो घेतला होता. तोही माझ्याच कारखान्यातला.

माझी चूक मला कळायला वेळ लागला नाही. आमच्या वेळी टक उसवल्याचा पट्टा प्रत्येकीच्या परकराला असायचा, म्हणून तो कोणाला दिसायचा नाही. आता तो फक्त जिच्या घरी नवीन घेणं होत नाही तिच्या अंगावर दिसणार होता. मी कपडा वाढवला होता आणि त्यावर गरिबीचा शिक्का मारून दिला होता.

मास्तर म्हणाले, झालं, आता फळा काढा. मी म्हटलं, काढत नाही.

आम्ही बरेच वेडे प्रयोग केले. पट्टा उन्हात ठेवून पाहिला, सोड्यात भिजवून पाहिला. पट्टा विटला, पण त्याबरोबर कापडही मेलं. सगळ्यांसमोर मी चिडचिड करत होते, तेव्हा कुंभारीचीच बाई मशिनवरून मान वर न करता म्हणाली, "उसवायचं कशाला पन? साडीला काठ असतो की. काठ लावा. लांबी काठातनं येऊ द्या."

नवऱ्याने जन्मभर मागावर काठ काढलेले, तिच्या डोक्यात ते असणारच. माझ्या डोक्यात का नव्हतं, ते मला अजून समजलेलं नाही.

मग मास्तरांनी आणि तिने मिळून ते बसवलं. मुलांच्या पँटी गडद निळ्या कापडाच्या असतात. त्यांच्या चिंधीतून पट्ट्या कापायच्या, जोडायच्या आणि पिनोच्या खालच्या बाजूला काठ म्हणून लावायच्या. छोट्या मुलीला दोन बोटं काठ, मोठीला चार बोटं, त्याहून उंच मुलीला सहा. पुढच्या वर्षी मुलगी वाढली की जुना काठ काढायचा आणि तिच्या नव्या मापाचा रुंद काठ लावायचा. काठाखालचं न विटलेलं कापड पुन्हा काठाखालीच राहतं, त्यामुळे पट्टा कुठे दिसत नाही. रुंदी मुलीच्या उंचीची, पिनोच्या वयाची नाही. फिक्या रंगाचं म्हणाल, तर आमच्याकडचं पाणी दोन महिन्यांत नव्या-जुन्या सगळ्यांना सारखं करतं. फक्त अंगात सैल करायला बाजूच्या शिवणी उसवाव्या लागत, तिथे एक बारीक गडद रेघ यायची. पण ती हाताखाली झाकली जाते.

नातीचा टेबलावरचा पिनो आम्ही पहिला केला. पोरीला तो इतका आवडला की ती नवा सोडून जुना घालून गेली. पंधरा दिवसांत तिच्या वर्गातल्या मुलींच्या आया यायला लागल्या. काही जुने पिनो घेऊन आल्या, एक-दोघी तर नव्यालाच काठ लावून मागत होत्या. आता चिंधी कमी पडते की काय अशी वेळ आली. भट्टीवाल्याने निरोप पाठवला, पोती कमी का केली? मी कळवलं की आता मलाच लागतात.

मग शाळेतून बोलावणं आलं. वर्गात दोन तऱ्हेचे गणवेश दिसत होते, काहींना काठ, काहींना नाही. शिक्षकांनी तक्रार केली होती. तक्रार रास्त होती. मी ठरवलं की लपवाछपवी पुरे, सरळ मागायचं, की पुढच्या वर्षीपासून सगळ्याच पिनोंना काठ असू द्या. म्हणजे नवा कोणता आणि वाढवलेला कोणता हा प्रश्नच उरत नाही. मी सोबत दोन पिनो घेतले. एक नवा, घरी सात-आठदा धुतलेला. एक गेल्या वर्षीचा, वाढवलेला. दोन्हींना चार बोटं काठ.

शाळा चालवणाऱ्या संस्थेचे सचिव बोलायला गोड माणूस. मला ताई म्हणतात, चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत. मी दोन्ही पिनो त्यांच्या टेबलावर ठेवले आणि म्हटलं, सर, यातला जुना कोणता ते सांगा.

माझी खात्री होती की त्यांना सांगता येणार नाही. त्यांनी काठाकडे बघितलंसुद्धा नाही. बाहीच्या भोकात बोट घालून बाजूची शिवण उजेडात धरली, मग दुसऱ्याची धरली, आणि बरोबर जुना पिनो माझ्याकडे सरकवला. त्यांच्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं हे मला तेव्हा कळलं.

मी म्हटलं, ओळखलंत. पण तुमच्यासारखं काखेत कोण बघणार आहे?

"तेच तर, ताई," ते म्हणाले. "कोणालाच ओळखू येणार नाही. मग नवीन घेईल कोण?"

इतकं प्रामाणिक उत्तर मला अपेक्षित नव्हतं. गणवेश शाळेतूनच विकले जातात आणि दर पिनोमागे संस्थेला चार पैसे सुटतात, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. पुढचं ते नेहमीसारखं बोलले. संस्थेची शिस्त, शाळेची शान, मुलं टापटीप दिसली पाहिजेत. दोन वर्षांनी डिझाइन बदलून चौकडा आणायचा विचार आहे, तोही तुम्हालाच देणार होतो. पर्यावरण आम्हालाही हवंच आहे, ताई. आपण झाडं लावू. तुम्ही त्या पिशव्या शिवा, स्नेहसंमेलनात वाटू, तुमचा सत्कार करू. फक्त तो फळा काढा आणि काठ बंद करा. नाहीतर चौकडा पुढच्या जूनलाच आणावा लागेल, आणि तो शिवायला माणसं तयार आहेत.

मी विचारलं, वर्षभरात न फाटलेला कपडा टाकून द्यायचा यात कसली शिस्त? ते हसले आणि चहा थंड होतोय म्हणाले. मी चहा प्यायले, पिनो पिशवीत घातले आणि चार दिवसांची मुदत मागून घेतली.

मला स्वतःपुरतं उत्तर तिथल्या तिथे देता आलं असतं. पण सहा मशिनांवर सहा बायका होत्या. त्यांच्या पोटाच्या जिवावर मी ताठा दाखवणार आणि वर लोक मला बाणेदार म्हणणार, हे मला पटेना. दुसऱ्या दिवशी डबे उघडायच्या वेळी मी मशिनं बंद करायला लावली आणि सचिव जे बोलले ते शब्दाला शब्द सांगितलं. फळा ठेवला तर शाळा जाईल, शाळा गेली तर सगळ्यांना पुरेल एवढं काम नसेल, मी दुसरीकडे शोधीन पण मिळेल असं वचन देत नाही.

 मग दोघी म्हणाल्या की काढा फळा, कशाला नसती उठाठेव. त्यातल्या एकीच्या पोराची कॉलेजची फी चालू होती. ती चुकीचं काही बोलत नव्हती, आणि मी तसं तिला सांगितलं. एक म्हणाली की पिशव्याच बऱ्या होत्या, निदान नारळ तरी मिळायचा. सगळ्या हसल्या. मास्तर कोपऱ्यात पाठ करून जेवत होते. ते म्हणाले, मी काय बोलणार नाही, पण मला आता जुन्या मांडणीनं कापायला सांगू नका, हात चालणार नाही.

कुंभारीची बाई सगळ्यात शेवटी बोलली. "त्यानं काय म्हनलं? नवीन कोन घेनार? मंजी माझी नात वाढती म्हनून त्याचं दुकान चालतंय." डबा बंद करून ती मशिनकडे वळली. "फळा काढायचा न्हाय. काढला तर मी यायची न्हाय."

मी सचिवांना फोन करून सांगितलं की फळा राहील. त्यांनी वाईट वाटतं म्हटलं. खरंच वाटलं असेल.

शाळा गेली. फी भरणारी आणि तिची सोबतीण दुसऱ्या कारखान्यात गेल्या. जाताना रडारड झाली नाही, एकीने आपली कात्री मागून घेतली, दुसरीने पगाराचा दिवस विचारला. नऊची सात माणसं राहिली आणि चार महिने त्या सातांनाही पुरेसं काम नव्हतं. मी नमुन्याचे पिनो गाडीवर बांधून शाळाशाळांतून हिंडले. शहरात कोणी उभं केलं नाही. करकंब गावाकडच्या एका शाळेने घेतलं. मग उजनी धरणाच्या पाण्याकाठच्या गावातल्या एका मुख्याध्यापिकेने मला बोलू न देता पिनो उलटा केला, काठ ओढून बघितला आणि विचारलं, तीन वर्षं जाईल का? मी म्हटलं, जाईल, आणि वाढवायला मीच येईन. त्या म्हणाल्या, मग पोरांच्या पँटींचंही असंच काहीतरी बघा, गुडघे राहत नाहीत. पँटींवर मास्तर आता खडू घेऊन बसले आहेत. पोतं अजून भरतं, बंद झालेलं नाही. बटणं अजून प्लास्टिकचीच आहेत आणि टेरिकॉट टेरिकॉटच आहे. पण भट्टीवर महिन्याला जायचं ते पोतं आता दिवाळीपासून जूनपर्यंत एकदाच जातं.

शहरातल्या त्या शाळेने चौकडा आणला. निळा-पांढरा, छान दिसतो. खाली अर्धा इंच दुमड आहे. या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिली आई आली. पोरगी सहा महिन्यांतच वाढली होती आणि नव्या गणवेशाला आत काहीच नव्हतं. काठ लावून द्याल का? मी दिला. मग दुसरी आली, मग रिक्षातून तिघी एकदम आल्या. काठासाठी आम्ही गडद निळं कापड वापरलं, ते चौकड्यावर आधीपेक्षा शोभून दिसतं.

परवा शाळेचा शिपाई निरोप घेऊन आला. बिचारा दारातच उभा राहिला. साहेबांनी सांगितलंय की आमच्या गणवेशाला काठ लावायचा नाही, गणवेश संस्थेचा आहे. त्याला मी आत बोलावून पाणी दिलं आणि म्हटलं, साहेबांना सांगा, ज्या दिवशी संस्था गणवेश फुकट वाटेल त्या दिवशी तो संस्थेचा. तोवर ज्या आईने विकत घेतला तिचा, आणि ती सांगेल तसा मी शिवणार. त्यांना हरकत असेल तर त्यांनी सकाळी फाटकात उभं राहून एकेकीची काख तपासावी.

शिपाई म्हणाला, हे असंच सांगू का?

"असंच सांगा," कुंभारीची बाई मशिनवरून म्हणाली.

तो थोडा वेळ घुटमळला. मग पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला चौकड्याचा पिनो काढून त्याने टेबलावर ठेवला. त्याची मुलगी सातवीत आहे, फार उंच झाली आहे म्हणाला. मी माप विचारलं आणि टेप लावून खडूने खूण केली. सहा बोटं.